माझ्या फोनमधले नंबर माझे नव्हेत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या नव्या नियमांबद्दलची बातमी आपल्या अंकात वाचली. कंपन्यांना होणारा दंड, मुलांची खाती, आई-वडिलांची संमती, सगळं त्यात होतं. एक गोष्ट मात्र नव्हती: आपल्या फोनमधले दुसऱ्यांचे नंबर आणि नावं एखाद्या अ‍ॅपला देऊन टाकायची संमती आपणच देऊन बसतो, ही. त्या एका गोष्टीपायी माझ्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या बाईला गेल्या वर्षी हातातली चारही कामं सोडून जावं लागलं. त्यात माझा हात आहे, म्हणून हे पत्र लिहिते आहे.

मी टेलिफोन खात्यात नोकरी केली. १९७९ साली, विसाव्या वर्षी, सांगलीच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये, म्हणजे परगावचे फोन हाताने जोडून द्यायच्या केंद्रात, ऑपरेटर म्हणून लागले, आणि खात्याचं बीएसएनएल झाल्यावर तिथूनच निवृत्त झाले. कानाला हेडफोन लावून बोर्डासमोर बसायचं. गिऱ्हाईक ट्रंक बुक करायचं, आम्ही तिकिटावर नंबर आणि वेळ लिहायचो, ऑर्डिनरी, अर्जंट की लाइटनिंग (सगळ्यांत तातडीचा) ते लिहायचो, आणि लाईन मिळाली की कॉर्ड लावून जोडून द्यायचो. आवाज नीट जातोय ना, हे बघायला मध्ये ऐकावं लागायचं. त्यामुळे नको म्हटलं तरी कानावर पडायचंच. हळदीच्या सौद्यांच्या दिवसांत ईरोडचा, निजामाबादचा भाव मार्केट यार्डातल्या अडत्याला कळायच्या आधी आम्हाला कळायचा. कुणाच्या घरी कोण अत्यवस्थ आहे, कुणाचं लग्न मोडलं, कुणाची उधारी किती, सगळं कळायचं.

रुजू झाले त्या दिवशी आमच्या सुपरवायझरबाईंनी १८८५ च्या टेलिग्राफ कायद्यातलं सव्विसावं कलम वाचून दाखवलं होतं. ऑपरेटरने कुणाचं बोलणं बाहेर फोडलं तर तीन वर्षांपर्यंत कैद. खात्याला दंड वगैरे नाही, बोर्डावर बसलेल्या त्या माणसाला कैद. कायदा इंग्रजांचा होता, आणि त्याच्याच पाचव्या कलमात सरकारला स्वतःला कान लावायची मुभा होती, हेही मला माहीत आहे. त्या काळाचे गोडवे गायला मी बसलेले नाही. पण आपल्या हातात दुसऱ्याचं काहीतरी आहे ही जाणीव त्या कलमाने आम्हा वीस-बावीस वर्षांच्या मुलींना दिली होती.

१९८३ साली एक गृहस्थ एक्स्चेंजच्या दारात आले. त्यांची मुलगी घरातून निघून गेली होती. आदल्या रात्री तिने त्यांच्या शेजारच्या दुकानात ट्रंक करून आईला बोलावून घेतलं, खुशाली सांगितली आणि फोन ठेवला. फोन कुठून आला, एवढंच त्यांना हवं होतं. ती लाईन मीच घेतली होती. पुण्याच्या कुठल्या भागातल्या पीसीओवरून, म्हणजे सार्वजनिक फोनवरून, मुलगी बोलते आहे, हे पलीकडच्या ऑपरेटरच्या बोलण्यातून मला कळलं होतं. ते गृहस्थ माझ्या वडिलांच्या वयाचे होते, हात जोडून उभे होते, आणि मला रडू येत होतं. मी सांगितलं नाही. त्या मुलीला सांगायचं असतं तर तिनेच सांगितलं असतं. पुढे तिचं काय झालं ते मला कळलं नाही. पण तेव्हा तोंड मिटून बसले, याचा मला एक दिवसही पश्चात्ताप झाला नाही.

हे सगळं अशासाठी सांगितलं, की पुढची चूक याच बाईकडून, म्हणजे माझ्याकडून, झाली.

निवृत्तीनंतर मला फसवे फोन फार यायला लागले. बँकेतून बोलतोय, कस्टममधून बोलतोय, तुमच्या आधारवर पार्सल पकडलं आहे. समोरच्याला माझं पूर्ण नाव माहीत असायचं आणि मी पेन्शनर आहे हेही माहीत असायचं. एकदा तर दोन तास फोन ठेवू देईनात. शेवटी भाच्याने एक अ‍ॅप घालून दिलं. फोन वाजला की नंबर कुणाचा आहे ते नाव पडद्यावर येतं. चालू करताना फोनने विचारलं, या अ‍ॅपला ‘संपर्क’ वापरण्याची अनुमती द्यायची का. माझा फोन मराठीत आहे. मी ‘अनुमती द्या’ दाबलं.

या ‘संपर्क’ शब्दावर थोडं थांबते. आपल्या बोलण्यात संपर्क म्हणजे गाठभेट, बोलणं, ये-जा. मला वाटलं, येणाऱ्या फोनशी त्याला काहीतरी संधान बांधायचं असेल. ‘तुमच्या फोनमधले सगळे नंबर आणि तुम्ही त्यांच्यासमोर लिहिलेली नावं आमच्याकडे उतरवून घेऊ का?’ असं सरळ विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं. बहुतेकांनी नाहीच म्हटलं असतं. ही अ‍ॅपं येणाऱ्या अनोळखी नंबराचं नाव कुठून आणतात? तुमच्या-माझ्यासारख्या लाखो लोकांच्या फोनमधल्या वह्या एकत्र करून. तुमचं नाव त्यांना तुम्ही दिलेलं नसतं. तुमच्या दूधवाल्याने, शाळेतल्या मैत्रिणीने किंवा नणंदेने दिलेलं असतं.

आता त्या बाईबद्दल. तिचं नाव लिहीत नाही. जत भागातल्या एका गावातून, नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून ती निघून आली होती. सहावीतला मुलगा मागे राहिला. इथे नवा नंबर घेतला, तो फक्त कामाच्या घरांना आणि भावाला दिला. मी तो माझ्या सवयीने फोनमध्ये घातला: तिचं नाव, पुढे ‘पोळ्या विश्रामबाग’. विश्रामबाग हा सांगलीतला आमचा भाग. आयुष्यभर तिकिटं लिहिली. नावापुढे काम आणि ठिकाण लिहिल्याशिवाय माझा हात थांबत नाही.

रविवारी सकाळी नवरा आंघोळीला गेला की मुलगा फोन उचलेल, या आशेने ती कधीमधी नवऱ्याच्या फोनवर फोन लावायची. मुलाने उचलला तर दोन शब्द बोलायची. मोठ्या माणसाचा आवाज आला की काही न बोलता कट करायची. तीन महिने असं चाललं. मग एका सोमवारी तिचा नवरा आमच्या कॉलनीच्या गेटवर येऊन उभा राहिला. “पोळ्या लाटतीस व्हय इश्रामबागेत,” हे त्याचं पहिलं वाक्य. वॉचमन आणि समोरच्या दुकानातली मुलं मध्ये पडली, म्हणून निभावलं.

ती वर आली, ओट्याला धरून उभी राहिली आणि म्हणाली, “काकू, त्येंच्या फोनवर माझं नाव आलं म्हणं. पोळ्या इश्रामबाग असं. मी तर तोंडातनं अक्षर काढलं न्हाई कधी. कसं काय घावलं ओ?”

मी काय सांगणार? चार घरांकडे तिचा नंबर होता, अ‍ॅप कुणाकुणाकडे होतं देव जाणे. पण ते शब्द माझे होते, तशाच क्रमाने. मी तिला त्याच वेळी सांगितलं. तिला नीटसं कळलं नाही, आणि कळलं तेव्हा तीच मला म्हणाली, “तुमी कुटं मुद्दाम केलं.” ते ऐकवलं नाही.

त्या संध्याकाळी अ‍ॅप काढून टाकलं. तेव्हा भाच्याने सांगितलं की अ‍ॅप काढलं म्हणून गेलेली यादी परत येत नाही. नंबर त्यांच्या यादीतून काढायची सोय वेबसाइटवर आहे, पण ज्याचा नंबर त्यानेच तो तिथे घालायचा आणि आलेला ओटीपी टाकायचा. तिच्याकडे बटणांचा साधा फोन. माझ्या स्वयंपाकघरात पोळपाट बाजूला सारून आम्ही दोघी बसलो. माझ्या फोनवर ते पान उघडलं, तिच्या फोनवर ओटीपी यायची वाट बघितली. पहिल्यांदा आला तो वाचेपर्यंत वेळ संपली, कारण इंग्रजी आकडे ती एकेक बोट ठेवून वाचते. दुसऱ्यांदा जमलं. त्या कंपनीशी या बाईचा कधी काडीचा संबंध आला नव्हता. तिने ते अ‍ॅप पाहिलेलंसुद्धा नव्हतं. तरी तिथून बाहेर पडायला तिला स्वतःचा नंबर त्यांनाच द्यावा लागला. आठ दिवसांनी तिने सांगली सोडली.

नंतर एका दुपारी मी माझ्या फोनमधली नावं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, परक्याच्या नजरेने. ३८६ नंबर होते. ‘डायलिसिस’ असं लिहिलेले माझ्या जावेचे भाऊ. ‘भिशी थकबाकी’ असं लिहिलेली एक मैत्रीण. एका मुलीसमोर ‘दुसरं लग्न, पुणे’. एका वकिलांच्या नंबरापुढे आमच्या नात्यातल्या एकाच्या खटल्याचा उल्लेख. मी ज्यांना ओळखते त्यांच्या आयुष्यातली अशी किती गुपितं त्या एका ‘अनुमती द्या’बरोबर बाहेर गेली, ते मोजायला घेतलं आणि चाळिसाच्या पुढे मोजवेना. यांतल्या एकालाही मी विचारलं नव्हतं.

माझा मुद्दा एवढाच आहे. माझ्या फोनमध्ये असले तरी ते नंबर माझे नाहीत. विश्वासाने माझ्याकडे ठेवलेले आहेत. माझी संमती माझ्यापुरती असू शकते. ३८६ माणसांच्या वतीने हो म्हणायचा अधिकार मला कुणी दिलेला नाही, आणि असा हो घेऊन कुणी व्यवसाय करत असेल तर तो अयोग्य आहे.

हे काही माझ्याच बाबतीत घडलं असं नाही. २०१८ साली केंब्रिज अ‍ॅनालिटिका या निवडणूक प्रचाराचं काम करणाऱ्या कंपनीने फेसबुकवरची लोकांची माहिती मिळवल्याचं प्रकरण गाजलं तेव्हा फेसबुकने स्वतः आकडे दिले होते. स्वभाव ओळखण्याच्या प्रश्नावलीचं ते अ‍ॅप भारतात ३३५ जणांनी घेतलं होतं, आणि ज्यांची माहिती त्या वाटेने गेली असावी असे लोक होते सुमारे ५ लाख ६२ हजार. उरलेल्यांनी काहीच केलं नव्हतं, ते फक्त कुणाचे तरी मित्र होते. हा हिशेब तेव्हाच आपल्या ध्यानात यायला हवा होता.

आता कायद्याकडे येते. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. त्या पीठावर आपल्या नागपूरचे न्या. शरद बोबडे होते. याचिका केली होती निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी, २०१२ साली, वयाच्या ८६ व्या वर्षी. माझं वय त्यांच्याहून पुष्कळ कमी आहे, म्हणून लिहायचा उत्साह धरला. पुढे २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, आणि कंपन्यांवरची मुख्य बंधनं त्यानंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू व्हायची आहेत.

कायद्याची इंग्रजी प्रत भाच्याकडून छापून घेतली आणि वाचली. त्यात माणसाचा उल्लेख सगळीकडे ‘ती’ असा आहे, पुरुष असो की बाई. वाचताना प्रत्येक ‘ती’ला मला आमची तीच दिसत होती. सहाव्या कलमात एक उदाहरण दिलं आहे, ते माझ्या विषयाच्या अगदी जवळचं आहे: फोनवरून डॉक्टरी सल्ला देणाऱ्या अ‍ॅपने ग्राहकाकडे संपर्क यादीही मागितली आणि तिने हो म्हटलं, तरी सल्ल्यासाठी यादीची गरज नाही, म्हणून ती संमती सल्ल्यापुरतीच धरायची. उत्तम. पण ज्या अ‍ॅपचा धंदाच यादीवर चालतो, ते म्हणेल की आम्हाला गरज आहे. मग काय? संमती ज्याची माहिती त्याची हवी, असं हाच कायदा सांगतो. घरगुती वापरासाठी मी नंबर लिहून ठेवले तर त्याला कायदा लागू नाही, हेही योग्यच. पण माझी वही कंपनीच्या कपाटात गेली की तिथे घरगुती काय उरलं? त्या बाईची संमती कुणी, कधी, कुठल्या भाषेत घेतली? नियमांत याचं सरळ उत्तर मला सापडलं नाही, आणि या कायद्याखाली तक्रारी ऐकणाऱ्या डेटा संरक्षण मंडळाने ते पहिल्या काही निर्णयांतच द्यायला हवं.

दंड २५० कोटींपर्यंत आहे, असं बातमीत ठळक छापलं होतं. तो जमा होणार भारताच्या संचित निधीत. जिचं काम गेलं, राहतं ठिकाण गेलं, तिला त्यातला एक रुपया मिळायची सोय या कायद्यात नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्यात ४३ अ हे नुकसानभरपाईचं एक कलम होतं, तेही या कायद्याने वगळायचं ठरवलं आहे. उलट खोटी किंवा क्षुल्लक तक्रार केली असं ठरलं, तर तक्रार करणाऱ्यालाच दहा हजारांपर्यंत दंड. त्या बाईची महिन्याची कमाई दहा हजार नव्हती. ती कशाला तक्रार करायला जाईल?

मनात आणलं तर बंदी घालता येते, याचा दाखला आपल्याकडेच आहे. कर्ज देणाऱ्या अ‍ॅपवाल्यांनी लोकांच्या संपर्क याद्या उचलून वसुलीसाठी नातेवाइकांना छळलं, तेव्हा रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये सांगितलं की कर्जाच्या अ‍ॅपने फोनमधल्या फाइली, संपर्क यादी, कॉलची नोंद यांना हात लावायचा नाही. पुढच्याच वर्षी गूगलनेही आपल्या प्ले स्टोअरवर तसा नियम केला. मग हाच नियम सगळ्या अ‍ॅपना का नको? एखाद्या अ‍ॅपला खरोखर एक नंबर हवा असेल तर तेवढा एकच निवडून द्यायची सोय फोनमध्ये करता येते. आयफोनमध्ये २०२४ पासून सगळी यादी न देता निवडक नंबर देता येतात. अख्खी यादी मागायची मुभाच बंद करावी, अशी माझी मागणी आहे. आणि एखाद्या नंबराचं नाव जगाला दाखवायचं असेल तर आधी त्या नंबरावर संदेश पाठवून, त्या माणसाला कळेल अशा भाषेत विचारावं. उत्तर आलं नाही, तर दाखवू नये.

येणाऱ्या फोनसोबत सिमकार्डाच्या अर्जावरचं नाव कंपन्यांनीच दाखवावं, अशी शिफारस ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेने फेब्रुवारी २०२४ मध्ये केली. फसव्या फोनांवर तो चांगला उपाय आहे, मलाही हवा आहे. निदान त्यात ‘पोळ्या विश्रामबाग’ येणार नाही. पण मुलाचा आवाज ऐकायला गुपचूप फोन करणाऱ्या बायकांचं काय, याचा विचार करूनच तो राबवावा.

दुकानांबद्दलही एक वाक्य. नंबर दिला नाही म्हणून दुकानदाराने बिल अडवू नये, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने मे २०२३ मध्येच कळवलेलं आहे. काउंटरवरच्या मुलीला ते माहीत नसतं, तिच्यावर ओरडू नये. मॅनेजरला बोलवावं आणि नंबर न देताच बिल घ्यावं. मी घेते.

मराठीबद्दल बोलायचं तर संमतीची सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचायची सोय कायद्याने दिली आहे, म्हणजे मराठीतही. पण ‘संपर्क अ‍ॅक्सेस करणे’ हे मराठी नव्हे. आपल्या वृत्तपत्राने, भाषा विभागाने, मराठी जाणणाऱ्या अभियंत्यांनी यात लक्ष घालावं. ‘तुमच्या फोनमधले सगळे नंबर आणि नावं आमच्याकडे जातील’ एवढं वाक्य पुरे आहे, आणि ते ठळक अक्षरांत हवं.

तोवर वाचकांना एक विनंती. फोनच्या सेटिंगमध्ये परवानग्यांच्या यादीत ‘संपर्क’ उघडून बघा. माझ्याकडे एकोणीस अ‍ॅपना परवानगी दिलेली निघाली. त्यात पंचांगाचं एक होतं आणि टॉर्चचं एक. तिथी सांगायला माझ्या विहीणबाईंचा नंबर कशाला लागतो? सतरा ठिकाणची परवानगी मी बंद केली. एकही अ‍ॅप बंद पडलं नाही, सगळी पूर्वीसारखी चालली आहेत. आणि नावांपुढे आजार, भांडण, पत्ता, काम लिहून ठेवलं असेल तर ते पुसा. मला अख्खी दुपार लागली.

माझं नाव छापू नये ही विनंती. सांगली लहान आहे, माझ्या नावावरून तिच्यापर्यंत पोहोचणं अवघड नाही. कार्यालयाच्या माहितीसाठी नाव-पत्ता वेगळ्या कागदावर जोडला आहे, काम झाल्यावर तो फाडून टाकावा.

ती आता दुसऱ्या गावी आहे. मुलगाही तिच्याकडे आला आहे. तिचा नवा नंबर तिने मला आपणहून कळवला, भावाच्या फोनवरून. तो मी फोनमध्ये घातलेला नाही. देव्हाऱ्याखालच्या खणात एक वही आहे, तिच्यात लिहून ठेवला आहे, समोर काहीही न लिहिता.

– एक निवृत्त ट्रंक ऑपरेटर, सांगली